फुलणारा चहा आणि अलंकाराचा प्रश्न

काचेच्या भांड्यात एक सुकी गोळी टाकावी, वर उकळते पाणी ओतावे, आणि काही मिनिटांत पाने उलगडून मधून फूल वर यावे, असा चहा चीनमध्ये करतात. कोवळी पाने सुती दोऱ्याने बांधून त्यांच्या पोटात शेवंती, मोगरा किंवा बटणासारखे जांभळे फूल ठेवतात, गोळा वळतात आणि सुकवतात. सारे हाताचे काम. कष्टांविषयी आदर आहेच; पण दोऱ्याने बांधलेले ते जांभळे फूल चहाला चव जवळजवळ देतच नाही. ते पाहण्यासाठी असते, आणि म्हणूनच भांडे काचेचे लागते.

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर वाळवणे ही उपजीविका. उन्हात वाळलेला बोंबील पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, पाण्यात भिजून पुन्हा मऊ होतो. त्याचे उलगडणे कोणी पाहत बसत नाही. मातीच्या भांड्यातही तो तितकाच रुचकर!

साहित्याच्या अभ्यासकाला येथे प्रूस्त आठवेल. त्याच्या महाकादंबरीच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात, पाण्यात टाकताच फुले, घरे, माणसे होणारे जपानी कागदाचे तुकडे येतात. ही उपमा सर्वांना पाठ असते. तिच्या पुढे काही पानांवर आत्या लेओनीचा काढा आहे, तो मात्र सहसा वगळला जातो. औषधविक्रेत्याच्या पिशवीतून ताटलीत पडलेली लिंडनची सुकी फुले पाहताना निवेदकाला उमगते की ही नक्कल नव्हे; रस्त्यावर पाहिलेल्या झाडांचीच ही फुले, केवळ वय झालेली. येथे फूल हाच काढा आहे. फूल काढून टाकले तर उरते नुसते गरम पाणी.

मम्मटाने काव्याच्या व्याख्येत अलंकार क्वचित स्फुट नसला तरी चालेल अशी सवलत दिली, आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीला काव्याचा आत्मा मानले. हे आपण वर्गात शिकवतो, आणि परीक्षेत? कवितेतील अलंकार ओळखा, दोन गुण. विद्यार्थी दोरा सोडून फूल बाजूला काढून दाखवतो, आपण गुण देतो. ते फूल काढल्यावर कवितेत काय उरले, हे विचारणारा प्रश्न आमच्या पाहण्यातल्या प्रश्नपत्रिकांत क्वचितच असतो. तो घालायला मंडळाची परवानगी लागत नाही. अंतर्गत चाचणीच्या प्रश्नपत्रिका तर आपणच काढतो.