पेट्या वाढवण्याआधी नजर वाढवा

परसात मधमाशांची एक पेटी ठेवली आणि पहिला मध निघाला, की घरातले लगेच विचारतात, "आता दहा कधी करायच्या?" राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' झाले, तेव्हापासून हा उत्साह आणखी वाढला. उत्साह चांगलाच आहे. पण जळगाव-धुळे म्हणजे महाबळेश्वर नव्हे. माझे मत असे, की जी वसाहत तुमच्या देखरेखीत खान्देशचा एक उन्हाळा काढू शकलेली नाही, तिची विभागणी करू नका.

कारण साधे आहे. पिलांसाठी मधमाशी पोळ्यात साधारण ३५ अंश तापमान राखते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा माशा पाणी आणून, पंखांनी वारा घालून पेटी थंड ठेवतात. त्याच काळात फुले कमी असतात. अशा वेळी अर्ध्या माशा काढून घेतलेली वसाहत टिकत नाही. सातेरी माशी तर उपासमार, मुंग्या किंवा मेणकिडा वाढला की सरळ पेटी सोडून निघून जाते.

म्हणून आधी पाहायला शिका. फुलोऱ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी, ऊन तापायच्या आत पेटी उघडा. दारासमोर उभे राहू नका, बाजूला राहा. धूर थोडाच द्या. कडेची चौकट आधी काढा, म्हणजे आतल्या माशा चिरडत नाहीत. राणी दिसलीच पाहिजे असे नाही. घराच्या तळाशी एकेक अंडे उभे दिसले, तर राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी तिथे होती, हे कळते. मध-पराग किती, अळ्या-कोश किती, पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरे आहेत का, हे वहीत लिहा. चौकट होती त्याच जागी, त्याच दिशेने ठेवा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत असू द्या आणि जवळ पाणी ठेवा.

विभागणीचा हिशोबही समजून घ्या. राणी नसलेला अर्धा भाग कोवळ्या अळीपासून नवी राणी घडवतो. अंड्यापासून राणी व्हायला सुमारे १६ दिवस लागतात. त्यानंतर तिचे मीलन, मग अंडी आणि ती अंडी फुटून कामकरी माशा व्हायला आणखी तीन आठवडे. एवढा काळ जुन्याच माशांवर घर चालते. म्हणून पाच-सहा चौकटी दोन्ही बाजूंनी माशांनी झाकलेल्या, पेटीत नर आणि शिवारात फुले, हे तिन्ही जुळले तरच हात घाला. पावसाळा संपल्यावर तीळ, तूर, सूर्यफूल फुलते तेव्हा हे जुळू शकते. मार्चनंतर नाही.

पेटीबाहेरही नजर हवी. आपल्या केळीला फळ धरायला मधमाशी लागत नाही, म्हणून तिची किंमत इथे चटकन कळत नाही. पण कांद्याचे बी, भोपळा, काकडी तिच्यावर अवलंबून आहेत. शेजारच्या कपाशीवर फवारणी कधी आहे, हे विचारून ठेवा. ती संध्याकाळी करा, अशी विनंती करा.

मधात शिफा आहे, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. सूरह अन-नहलमध्ये मात्र त्याच जागी पुढे विचार करणाऱ्यांसाठी निशाणी असल्याचे सांगितले आहे. आपण बहुतेक वेळा शिफेपाशी थांबतो. पेटी उघडून शांतपणे पाहणे, हाही तफक्कुर आहे.

अनुदान निम्मेच असते. उरलेले निम्मे आपल्या मोहल्ल्यात बहुधा अम्मीच्या भिशीतून किंवा बहिणीच्या शिवणकामातून येते. दहा पेट्या रिकाम्या पडल्या तर ती रक्कम गेली, आणि "हा धंदा आपला नाही" हे वाक्य पुढच्या पिढीपर्यंत राहिले. त्यापेक्षा एक पेटी आणि एक वही घ्या, आणि एक पूर्ण वर्ष काढा. ऑक्टोबरमध्ये माशा भरभरून असतील, तर दुसरी पेटी बिस्मिल्लाह करून मांडा.