यंत्राचं पोट उघडून पाहा

वरून कॉफीच्या बिया ओतायच्या, बटण दाबायचं आणि खालून फेसाळता कप उचलायचा, असं आश्वासन देणारी यंत्रं आता पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय ओट्यावर जागा मागू लागली आहेत. साध्यातलं साधं यंत्र ४०-५० हजारांना पडतं आणि जरा चढं मॉडेल बघायला गेलं की आकडा लाखाच्या पलीकडे जातो. एवढे पैसे मोजताना गिऱ्हाईक काय पाहतं? पडद्यावर किती पेयांची चित्रं आहेत, खोक्यावर १५ बार लिहिलंय की १९, आणि मोबाइलवरून चालवता येतं का. या तिन्हींचा कपातल्या चवीशी संबंध जेमतेम. तीन वर्षांनी यंत्र ओट्यावर असेल की माळ्यावर, याच्याशी तर मुळीच नाही. ते ठरतं दोन गोष्टींवर: यंत्र आतून किती सहज धुता येतं आणि बिघडलं तर तुमच्या गावात त्याला हात कोण लावतं. घरासाठी यंत्र निवडताना हीच कसोटी पहिली लावावी, बाकीच्या सगळ्या त्यानंतर, असं माझं म्हणणं आहे.

आधी पोटात काय घडतं ते पाहू. बटण दाबलं की ग्राइंडर ७ ते १२ ग्रॅमच्या आसपास बिया दळतो. ती पूड ब्रू युनिट नावाच्या, मुठीएवढ्या प्लास्टिकच्या भागात पडते, तिथे दाबली जाते, तिच्यातून ९० अंशांच्या पुढचं पाणी दाबानं जातं, कॉफी उतरते आणि ओला चोथा मागच्या डब्यात ढकलला जातो. लुईजी बेझेरानं १९०१ मध्ये वाफेच्या जोरावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, अचिले गाज्जानं दुसऱ्या महायुद्धानंतर तरफ लावून दाब वाढवला आणि आज आपण ओळखतो तो साईसारखा फेस कॉफीवर आला. १९८०च्या दशकात साएकोसारख्या कंपन्यांनी ही सगळी कसरत घरगुती खोक्यात बसवली. दाब मात्र तोच राहिला, साधारण ९ बार. खोक्यावरचा १५ किंवा १९ हा आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो, कॉफी उतरताना तेवढा दाब लागत नाही. पेयांचंही तसंच. कॅपुचिनो, लाटे, फ्लॅट व्हाइट, माकियातो ही दूध आणि कॉफीच्या वेगवेगळ्या प्रमाणांची नावं आहेत. बारा चित्रांच्या यंत्रात चार चित्रांच्या यंत्रापेक्षा तिप्पट काही नसतं, आणि आठवड्याभरात घरातला प्रत्येक जण एकाच बटणावर स्थिरावतो.

पैसे खर्च करण्याजोगी जागा म्हणजे ग्राइंडर. दळलेल्या कॉफीचा वास काही मिनिटांतच उडू लागतो, म्हणून तर ताजं दळण्याचा हा खटाटोप. मिक्सरची पाती बिया कशाही तोडतात. त्यात पीठही निघतं आणि भरडही. पिठातून कडवटपणा उतरतो, भरडीतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. यंत्रातला ग्राइंडर दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया चिरडतो, म्हणून दळण बरंच एकसारखं येतं. चकत्या पोलादाच्या की सिरॅमिकच्या यावर विक्रेते बरंच बोलतात. घरच्या दोन-चार कपांना तो फरक जाणवणार नाही. दळण बारीक-जाड करण्याच्या पायऱ्या किती आहेत ते विचारावं. आणि ती खुंटी ग्राइंडर फिरत असतानाच वळवायची असते, बंद असताना जोर लावला की चकत्या अडकतात. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण ती वाचतो कोण!

या ग्राइंडरमध्ये काय घालू नये, ही आपल्याकडची खास अडचण. दाक्षिणात्य दुकानात मिळणारी फिल्टर कॉफीची पूड बहुधा चिकोरी मिसळलेली असते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळपास निम्मी चिकोरी चालते. ती दमट हवेत चिकट होते आणि दाबाखाली चिखलासारखी बसते. बियांच्या खणात तर पूड घालायचीच नाही, आणि तयार पुडीसाठी असलेल्या वेगळ्या तोंडातही चिकोरी टाकू नये. काळ्याभोर भाजलेल्या, तेलानं चकाकणाऱ्या बियाही टाळाव्यात. त्या खणाच्या उतारावर चिकटतात आणि यंत्र ‘बिया संपल्या’ म्हणून तक्रार करत बसतं. मध्यम भाजलेल्या, पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेल्या बिया घ्याव्यात. चिकमगळूर, कोडगूच्या मळ्यांतल्या अशा बिया आता घरपोच मिळतात. जायफळ मात्र नेहमीप्रमाणे थेट कपावर किसावं. बियांसोबत दळण्याची कल्पना मराठी डोक्यात येणार हे नक्की, म्हणून सांगितलं.

आता मूळ मुद्दा, ब्रू युनिट. बाजारात याबाबत दोन पंथ आहेत. फिलिप्स, डेलाँगी यांच्या घरगुती यंत्रांत बाजूचं दार उघडून हा भाग हातानं बाहेर काढता येतो, कोमट पाण्याच्या धारेखाली साबण न लावता धुता येतो आणि वाळवून परत बसवता येतो. स्वित्झर्लंडच्या युरासारख्या कंपन्या तो आतच पक्का ठेवतात आणि दीड-दोनशे कपांनंतर गोळी टाकून यंत्राला स्वतःची सफाई करू देतात. पक्क्या युनिटवाल्यांचा युक्तिवाद पोकळ नाही: माणूस आळशी असतो, हातानं धुण्याचं काम तो पुढे ढकलतो, तेव्हा यंत्रानंच ते करून टाकलेलं बरं. कोरड्या, थंड देशात हे पटण्यासारखं आहे. पण जुलैतल्या ठाण्यात किंवा रत्नागिरीत हाच हिशेब वेगळा बसतो. ओला चोथा, बंद पेटी, आतली ऊब आणि बाहेरची ९० टक्के आर्द्रता यांत बुरशी यायला दोन-तीन दिवस पुरतात. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर दार उघडून ती डोळ्यांनी दिसणं आणि लगेच धुता येणं, याला गोळी हा पर्याय होत नाही. शिवाय गोळी तेलकटपणा काढते, सांदीत साचलेला भुगा काढत नाही. काढता येणाऱ्या युनिटमध्ये काही महिन्यांनी रबरी कड्यांना खाद्यपदार्थांसाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं की करकर थांबते. ते काम कुणीही घरी करू शकतं. म्हणून आपल्या हवेत तरी मी पहिल्या पंथाचा.

दुधाची बाब याहून नाजूक. आपण कॉफी पितो ती दुधाची, आणि बऱ्याच घरांत म्हशीच्या, तापवलेल्या दुधाची. यंत्राचं दुधाचं भांडं बहुतेक वेळा बारीक नळीनं दूध ओढतं. त्या नळीत सायीचा एवढासा तुकडा गेला की फेस बंद. दूध गाळून, फ्रिजमधलं गार घातलं तर फेस धरतो, पण उन्हाळ्यात नळीत राहिलेले थेंब संध्याकाळपर्यंत आंबलेले असतात. तेव्हा दुधाचं भांडं घेताना त्याचे तुकडे किती होतात आणि नळी आहे का, हे दुकानात उभं राहून सुटं करून पाहावं. नळीच नसलेली, दोन तुकड्यांत उघडणारी भांडी मिळतात, ती बरी. त्याहून बरी साधी वाफेची नळी: फेस झाला की ओल्या फडक्यानं पुसायची आणि क्षणभर वाफ सोडायची, संपलं काम. एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. यंत्राचं फेसाळ दूध साधारण ६०-६५ अंशांवर येतं, कारण त्यापुढे फेस मोडू लागतो आणि दुधाची गोडी जाते. पातेल्यातून उकळती कॉफी गाळून घेणाऱ्या घरात पहिला कप ‘कोमट’ म्हणून नापास होणार. कप आधी गरम पाण्यानं विसळून घेतला तर थोडा फरक पडतो, पण वाफाळती कॉफीच हवी असेल तर हे यंत्र त्या कामाचं नाही.

पाण्याबद्दल लोक दोन टोकं गाठतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी थेट टाकीत घातलं तर बॉयलरवर क्षारांचा थर चढतो, पाणी नीट तापत नाही आणि एक दिवस धारच आटते. उलट आरओचं पार निःक्षार केलेलं पाणी घातलं तर चव पोकळ लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशननं कॉफीच्या पाण्यासाठी लिटरमागे १५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार हे लक्ष्य धरलं आहे आणि ७५ ते २५० चालतील असं म्हटलं आहे. घरच्या आरओला टीडीएस वर-खाली करणारी खुंटी असते, तिच्यावर हे जमवता येतं; मुंबईच्या धरणांच्या पाण्याला तर एवढीही गरज नाही, साधं गाळलेलं चालतं. मात्र यंत्र क्षार स्वतः मोजत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही पाण्याचा जडपणा म्हणून जो आकडा भरता, त्यावरून ते किती लिटर गेलं याचा हिशेब ठेवतं आणि डिस्केलिंगचा दिवा लावतं. आकडा चुकीचा भरला तर दिवाही चुकीचाच लागणार. डिस्केलिंगला व्हिनेगर वापरायचा घरगुती सल्ला ऐकू नये. वास राहतो आणि रबर खराब होतं.

यावर हमखास येणारा आक्षेप पैशांचा असतो, आणि गंमत म्हणजे तो यंत्राच्या बाजूनं असतो: बाहेर एका कॅपुचिनोला २०० ते ३०० रुपये जातात, मग यंत्र वर्षभरात वसूल होईल. करून पाहू. ६० हजारांचं यंत्र, पाच वर्षं, रोज तीन कप, म्हणजे सुमारे ५,५०० कप. कपामागे यंत्राचे ११ रुपये. २५० ग्रॅम बिया ५०० रुपयांना धरल्या तर ९ ग्रॅमचे १८ रुपये. दूध आणि साफसफाईचं साहित्य धरून ४० रुपयांच्या आत कप पडतो. हिशेब बरोबर आहे, तुलना चुकीची आहे. रोज तीन कॅपुचिनो बाहेर जाऊन कोण पितं? घरचं यंत्र घरच्या इन्स्टंट कॉफीची किंवा चहाची जागा घेतं, आणि तो कप १५-२० रुपयांत होतो. बाहेरची कॉफी माणूस गप्पांसाठी पितो, ती यंत्र आणल्यानं थांबत नाही. आणि पाच वर्षांचं गृहीतक मोडलं, दोन वर्षांतच यंत्र बंद पडलं, तर कपामागचे ११ रुपये २७ होतात. म्हणजे पैशांचा विचार केला तरी गाडी धुण्यावर आणि दुरुस्तीवरच येऊन थांबते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढं धुवायचं, पुसायचं, ग्रीस लावायचं असेल तर ‘आपोआप’ म्हणायचं कशाला? हे खरंच आहे. ही यंत्रं कॉफी करण्याचे कष्ट वाचवतात आणि त्यातले काही आठवड्याच्या सफाईकडे वळवतात. ज्या घरात दिवसाला चार-पाच कप होतात, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या माणसांना लागतात, तिथे हा व्यवहार परवडतो. दिवसाला एकच कप पिणाऱ्यानं मात्र हाती फिरवायचा चांगला ग्राइंडर आणि स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर किंवा मोका पॉट घ्यावा. पाच-सहा हजारांत काम होतं, वीज गेली तरी अडत नाही आणि डिकॉक्शनमध्ये उकळतं दूध घातलं तर कॉफी वाफाळतीही मिळते. एस्प्रेसोचा जाड फेस तेवढा मिळणार नाही. ताज्या दळणाचा फायदा मात्र जवळपास सगळा पदरात पडतो.

अमेरिकेतल्या भाच्याकडून यंत्र मागवण्याचा बेत असेल तर तो सोडावा. तिथली वीज १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपली २३० ची आणि ५० ची. दीड हजार वॅटच्या यंत्राला लागणारा ट्रान्सफॉर्मर उचलायला दुसरा माणूस लागेल, आणि तो व्होल्ट उतरवेल, हर्ट्झ बदलणार नाही. या यंत्रांतला कंपनावर चालणारा पंप नेमका त्याच आकड्यावर बेतलेला असतो. वॉरंटीही तिकडेच राहते. त्यापेक्षा इथल्याच दुकानात जावं, विक्रेत्याला कॉफी पाजायला सांगण्याआधी ब्रू युनिट बाहेर काढून परत बसवायला सांगावं आणि मग ते स्वतःच्या हातानं करून पाहावं. घरात हे काम ज्याच्या वाट्याला येणार आहे, त्यालाही सोबत न्यावं. रबरी कड्यांचा संच सुटा मिळतो का, नाशिक किंवा कोल्हापूरला माणूस घरी येतो की यंत्र खोक्यात घालून मुंबईला पाठवावं लागतं, हे विचारावं. खोकं मात्र वॉरंटी संपेपर्यंत रद्दीत देऊ नये.