रात्री दहानंतर गावाला कान नसतात का?

‘ध्वनिप्रदूषण म्हणजे शहराची भानगड’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण ध्वनिप्रदूषण नियम, 2000 वाचून बघा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद! मुंबईला जसं लागू, तसंच सडक अर्जुनीला. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45.

मग गावात नियम पाळला का जात नाही? कारण तक्रार कोण करणार? वरातीत डीजे आणणारा आपला शेजारी, मंडळाचा अध्यक्ष आपला चुलतभाऊ. सकाळी बांधावर गाठ पडणारच. म्हणून घरातली बाळंतीण, आजारी आजी आणि हिवाळी परीक्षेला बसलेलं पोरगं मुकाट्याने सोसतात.

कोणी बोललंच, तर उत्तर तयार असतं, ‘मग काय आमची मंडई, दंडार, नाटक बंद करायचं?’ मुळीच नाही! झाडीपट्टीचं नाटक रात्री रंगतं, पहाटेपर्यंत चालतं, ती आपली ओळख आहे. पण नाटकाचा आवाज शामियान्यातल्या माणसासाठी असतो, डीजेचा मात्र अख्ख्या गावाला ऐकवायला. दरवेळी डीजे नाटकाच्या आड लपतो, आणि बदनाम होतं नाटक.

नाटकासाठी वाट काढता येते. वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार सणांना रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहात रात्रीही स्पीकर चालतो, फक्त बाहेर येणारा आवाज मर्यादेत हवा. म्हणून माझं म्हणणं, तालुक्यागणिक एक चांगलं सभागृह मागूया.

आणि आपण तर इंजिनिअरिंगवाले! 10 डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता 10 पट होते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. मग गावाकडे तोंड केलेला एक मोठा भोंगा कशाला? प्रेक्षकांजवळ चार लहान बॉक्स लावा, तोंड आतल्या बाजूला. एवढं तर सुट्टीत घरी गेल्यावर आपल्यालाही जमेल. मंडळातले अर्धे पोट्टे आपलेच असतात ना!

एवढं करूनही रात्री 10 नंतर डीजे वाजलाच, तर तक्रारीला डेसिबल मोजून दाखवायची गरज नाही. नियम मोडला, एवढंच पुरे.

पण तक्रारीपर्यंत जायचंच कशाला? वर्गणी मागायला मंडळ घरोघरी फिरतं. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाची परीक्षा आहे, हेही त्याच फेरीत विचारावं.