इकडील सर्व क्षेम

पूर्वी परगावाहून घरी येणाऱ्या पत्राची पहिली ओळ ठरलेली असे : इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवीत जावे. लिहिणारा तापाने फणफणलेला असो वा त्याची नोकरी सुटलेली असो, ही ओळ त्याच्या लेखणीतून आपोआप उतरे आणि ती वाचून घरची माणसे निश्चिंत होत. आता पत्रे गेली, हातात मोबाईल आला, बोलणाऱ्याचा चेहराही समोर दिसू लागला; परंतु ती ओळ काही गेली नाही. २०२० सालच्या महामारीत ह्या एका ओळीने आमच्या घरात काय केले, ते आज वाचकांस सांगावयाचे आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी आखातात, बोटीवर वा अन्य दूरदेशी आहे. तेव्हा हे घरगुती बोलणे त्यांस अस्थानी वाटू नये.

त्या काळी आम्ही सहकुटुंब कुवेतमध्ये साल्मिया भागात राहत होतो. आम्ही एका खाजगी कचेरीत हिशेबनीस होतो, तर आमच्या सौभाग्यवती एका इस्पितळात परिचारिका होत्या. अकरा वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा मुलगा शाळेत जात. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी आई, दादा, वहिनी आणि त्यांची मुले होती. दरमहा घरी पैसे पाठवावेत, दररोज आईशी चार शब्द बोलावेत, आणि दोन वर्षांनी एकदा रजेवर जावे, असा आमचा क्रम होता. परदेशी राहणाऱ्याचे कर्तव्य एवढ्यात पुरे होते, अशी आमची समजूत होती.

कुवेतमध्ये पहिले रुग्ण २४ फेब्रुवारी २०२० रोजी आढळले. मार्च उजाडताच शाळांना कुलपे लागली. १३ मार्चपासून विमाने थांबली. २२ मार्चपासून सायंकाळी पाच ते पहाटे चार अशी संचारबंदी आली, आणि त्याच दिवसापासून भारतानेही परदेशची नेहमीची विमाने उतरू देणे बंद केले. म्हणजे जावयाचे दार आणि यावयाचे दार, दोन्ही एकदमच मिटली. कुवेतमध्ये शुक्रवारी सुटी असल्यामुळे आम्ही सारे शुक्रवारीच होली फॅमिली कॅथेड्रलमध्ये मिस्सेला जात असू. तेही बंद पडले. २७ मार्च हा असाच एक शुक्रवार होता. त्या रात्री आठ वाजता, रोममधील सेंट पीटरच्या ओल्या, निर्मनुष्य चौकात पोप फ्रान्सिस एकटेच प्रार्थना करीत असल्याचे दृश्य आम्ही मुलांस जवळ घेऊन पाहिले. एवढ्या मोठ्या चौकात माणूस कसे नाही, असे धाकट्याने विचारले. आम्हांस उत्तर सुचले नाही.

एप्रिलमध्ये आमच्या कचेरीने पगार निम्म्यावर आणला. घरभाडे मात्र पूर्वीइतकेच होते. आम्ही मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पुंजीत हात घातला आणि गावी नेहमीएवढीच रक्कम पाठविली. दादाने विचारले, 'तिकडे सगळे ठीक ना?' आम्ही म्हणालो, 'आमच्या कचेरीस काही झळ नाही.' असे करणारे आम्ही एकटेच नव्हतो. त्या वर्षी भारतात परदेशस्थांकडून येणारा पैसा २३ टक्क्यांनी घटेल, असे जागतिक बँकेने एप्रिलमध्ये भाकीत केले होते. प्रत्यक्षात सुमारे ८३ अब्ज डॉलर आले, म्हणजे जवळजवळ आदल्या वर्षाइतकेच. अर्थशास्त्रज्ञ ह्याची अनेक कारणे देतात. त्यांतील एक कारण आम्ही आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी डोळ्यांनी पाहिले आहे. अर्ध्या पगाराची माणसे पूर्ण रक्कम पाठवीत होती आणि वर 'सर्व क्षेम' म्हणत होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात सौभाग्यवतींना ताप आला. तपासणीत कोरोना निघाला आणि त्यांस विलगीकरणासाठी नेण्यात आले. सतरा दिवस त्या घरी नव्हत्या. त्यातच १० मेपासून ३० मेपर्यंत संपूर्ण टाळेबंदी झाली. जमियात, म्हणजे तेथील सहकारी भांडारात, सामान आणावयाचे तर आधी वेळ नोंदवावी लागे. सायंकाळी साडेचार ते साडेसहा एवढा वेळ आपल्या वस्तीत पायी हिंडण्यास मोकळीक होती. परंतु मे महिन्यातील तेथील ऊन अंगातून पाणी काढी. घरात एकच चांगला मोबाईल. त्यावर सकाळी मुलीची शाळा, नंतर मुलाची, दुपारी आमचे हिशेब आणि रात्री सौभाग्यवतींशी बोलणे. आम्हांस पोळी लाटता येत नव्हती. मुलीने आईला मोबाईलवर विचारून ती आम्हांस शिकविली. धाकटा रात्री आईची उशी घेऊन झोपे. बापाचे काम पैसा आणणे एवढेच नसते, हे ह्या सतरा दिवसांत आम्ही शिकलो. आणि शिकण्यास फार उशीर लावला, हेही कळले.

गावी आमच्या घरात संध्याकाळी सात वाजता रोझरी होते. तेव्हा कुवेतमध्ये साडेचार वाजलेले असतात. टाळेबंदीत आम्ही मोबाईल मेजावर ठेवून त्या रोझरीत सामील होत असू आणि मग मुलांस फिरावयास नेत असू. पहिल्याच दिवशी आईने विचारले, 'सूनबाई कोठे आहे?' आम्ही म्हणालो, 'तिची रात्रपाळी आहे, झोपली आहे.' पुढे रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर. मुलांसही आम्ही तेच बोलावयास शिकविले, हे सांगताना आज लाज वाटते. मुलांच्या तोंडी घातलेले खोटे हे आपल्या खोट्याहून जड असते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती आमच्या कानांनी ऐकली पण मनाने घेतली नाही. रोझरीचे पहिले दशक नेहमी आई म्हणत असे. त्या दिवशी ते वहिनींनी म्हटले. दादा म्हणाला, 'आईचा घसा बसला आहे.' दुसऱ्या दिवशी आई झोपली होती, तिसऱ्या दिवशी तिला प्रार्थनेस बसून कंटाळा आला होता. आई रोझरीस कंटाळली, हे शब्द आम्ही ऐकले आणि खरे मानले! आमचेच एक खोटे सांभाळण्यात आम्ही इतके गुंतलो होतो की समोरचे खोटे आम्हांस दिसले नाही.

आई १९ मे रोजी मोरीत घसरून पडली होती. मांडीचे हाड मोडले होते. त्या दिवसांत शस्त्रक्रिया लांबणीवर पडत गेली, आणि आई तीन आठवडे खाटेवर उताणी पडून राहिली. पाठीस जखमा झाल्या, मग छाती भरली. ९ जूनच्या रात्री दादाने कळविले, 'आईस बरे नाही.' दुसऱ्या दिवशी वहिनींनी मोबाईल तिच्या कानाशी धरला. आम्ही बोललो, ती बोलू शकली नाही. ११ जूनला ती देवाघरी गेली. अंत्यविधीस वीसच माणसांची परवानगी होती. खानापूरकडचा जूनचा पाऊस धो धो पडत होता आणि चित्र सारखे गोठत होते. आमच्या आईच्या पेटीवर पडलेली माती आम्ही पाहिली नाही, तिचा आवाज तेवढा ऐकला.

वाचकहो, आम्हांस त्या वेळी दुःखाहून राग अधिक आला. आठ दिवसांनी आम्ही दादास नको ते बोललो. सौभाग्यवती परिचारिका आहेत, त्यांस कळले असते तर पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसास दर दोन तासांनी कुशीवर कसे वळवावे, कसे बसवावे, छाती मोकळी कशी ठेवावी, हे त्यांनी रोज पाहून सांगितले असते, असे आम्ही म्हणालो. आणि रागाच्या भरात हेही बोलून गेलो की इकडे ती सतरा दिवस आजारी होती, तेही आम्ही एकट्याने सोसले. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'मग तू तरी आम्हांला कोठे सांगितलेस?'

ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. दादाने लपविले ते आम्हांवरील मायेने, आणि आम्ही लपविले तेही मायेनेच. परंतु ह्या मायेत एक सूक्ष्म अपमानही दडलेला असतो. 'तुला हे पेलणार नाही' असे आपण समोरच्यास न बोलता सांगत असतो. काना गावच्या लग्नात द्राक्षारस सरला तेव्हा पवित्र मरियेने ती उणीव झाकून ठेवली नाही. जो काही करू शकत होता त्यास ती सरळ सांगितली. आमच्या घरात, जी काही करू शकत होती तिलाच कोणी सांगितले नाही.

त्या बोलण्याच्या शेवटी आम्ही दोघा भावांनी एकमेकांस वचन दिले : ह्यापुढे जे घडेल ते त्याच दिवशी सांगावयाचे. वर्ष सरण्यापूर्वीच ह्या वचनाची परीक्षा झाली. २०२१ च्या मे महिन्यात भारतात दुसरी लाट भरात होती. कुवेतहून प्राणवायू घेऊन आपल्या नौदलाची जहाजे मंगळुरास येत होती, त्याच दिवसांत एका संध्याकाळी दादा म्हणाला, 'मला झाले आहे, आज दुपारीच कळले.' सौभाग्यवतींनी तेव्हापासून दिवसातून तीन वेळा बोटास लावावयाच्या यंत्राचा आकडा विचारण्याचा क्रम ठेविला. चौथ्या दिवशी तो ९१ वर उतरला. 'सकाळपर्यंत वाट पाहू' असे दादा म्हणत होता. सौभाग्यवतींनी ऐकले नाही. पुतण्याने रात्रीच गाडी करून त्यास बेळगावच्या इस्पितळात नेले. अकराव्या दिवशी दादा आपल्या पायांनी घरी आला. ह्या खेपेस आम्ही पैसेही थोडेच पाठवू शकलो, आणि ते थोडे का आहेत हेही सांगितले. दादाने त्यात आपली भर घातली. त्यास राग आला नाही, की वाईट वाटले नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही गावी जाऊ शकलो. आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावून परतताना वहिनी म्हणाल्या, 'भावजी, तुम्हांला कळवू नका असे आईंनीच सांगितले होते. सूनबाईला काहीतरी झाले आहे, तो सांगत नाही, त्याच्यावर आणखी ओझे नको, असे त्या म्हणत.' म्हणजे आमचे खोटे ज्या एका माणसासाठी होते, तिला ते पहिल्यापासून ठाऊक होते. आणि तिने ते आमच्यासाठी झाकले.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्या आणीबाणीची समाप्ती जाहीर केली. साथ सरली, परंतु दूरदेशी माणसे आहेतच आणि घरी म्हातारी माणसेही आहेत. म्हणून आमच्या वाचकांस आमचे थोडे सांगणे आहे. आजार आला तर त्याच दिवशी कळवा, आणि आजारी माणसाचे तोंड दिसू द्या. पगार घटला तर घरी सांगा. घरच्यांस काटकसर येते, ती त्यांनी आपल्याला वाढविताना केलीच होती. मुलांस खोटे बोलावयास लावू नका. आणि सायंकाळच्या प्रार्थनेत एखादा नेहमीचा आवाज ऐकू आला नाही, तर 'आमेन' झाल्यावर मोबाईल खाली ठेवण्यापूर्वी एकदा थांबून विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.