विश्लेषण : नर्सिंगच्या परीक्षेसाठी हजारो सराव प्रश्न, पण कोणत्या परीक्षेला कोणते?

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव राज्याला माहीत झाले ते १९९२-९३ मधील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. गावात आरोग्य सेविका असणे आणि नसणे यातला फरक या भागाला वेगळा सांगावा लागत नाही. जव्हार-मोखाड्यातून नर्सिंगला गेलेल्या मुलीपुढे शिक्षण संपताच ठळक अशा दोन वाटा असतात. एक सरकारी नोकरीची, दुसरी परदेशाची. दोन्ही वाटांवर परीक्षा आहे आणि दोन्हींसाठी मोबाइलवर सराव प्रश्नांचा ढीग आहे. चुकीचा संच निवडला तर पैशांबरोबर महिनेही वाया जातात.

परवान्यासाठी भारतात परीक्षा आहे का?

वेगळी परवाना परीक्षा भारतात नाही. बी.एस्सी. नर्सिंगची विद्यापीठ परीक्षा किंवा जीएनएम, एएनएमची मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. अमेरिकेत मात्र पदवीनंतर ‘एनक्लेक्स-आरएन’ उत्तीर्ण झाल्याशिवाय नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येत नाही. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१५ पासून हीच परीक्षा आहे. ऑस्ट्रेलियानेही परदेशी परिचारिकांसाठी २०२० पासून ती लागू केली. एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी : केवळ एएनएमच्या शिक्षणावर एनक्लेक्स-आरएनला बसता येत नाही.

ही परीक्षा वेगळी कशी?

प्रश्नपत्रिका प्रत्येकीची वेगळी असते. उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न साधारण अधिक कठीण देतो, चुकले की सोपा. उमेदवार निश्चित केलेल्या पातळीच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. त्यामुळे कुणाची ८५ प्रश्नांत संपते, तर कुणाची १५० पर्यंत चालते. कमाल वेळ पाच तास. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. चुकीच्या उत्तराला सरसकट उणे गुण नाहीत; मात्र काही बहुपर्यायी प्रश्नांत चुकीचा पर्याय निवडला तर त्याच प्रश्नात मिळालेला गुण कापला जातो. १ एप्रिल २०२३ पासून एका रुग्णाच्या नोंदींवर आधारित सहा-सहा प्रश्नांचे संच आले आणि अंशतः बरोबर उत्तरालाही गुण मिळू लागले.

सराव प्रश्नांत फरक कुठे पडतो?

दोन उदाहरणे पाहा. पहिले : ‘सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर किती सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास ते अतितीव्र कुपोषित समजावे?’ उत्तर ११.५. आठवले की गुण मिळाला.

दुसरे : ‘तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. एकाला ३८ अंश सेल्सिअस ताप आहे, दुसऱ्याची जखम दुखते आहे, तिसऱ्याला थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती मुंग्या येत आहेत, चौथ्याला घरी सोडण्यापूर्वी माहिती हवी आहे. आधी कोणाकडे जाल?’ उत्तर तिसरा रुग्ण. मुंग्या हे रक्तातील कॅल्शियम घटल्याचे लक्षण असू शकते आणि त्यातून श्वासनलिका आवळण्याचा धोका असतो.

पहिला प्रश्न स्मरणशक्ती तपासतो, दुसरा निर्णय. एनक्लेक्समध्ये भर दुसऱ्या प्रकारावर असतो. पहिल्या प्रकारचे पाच हजार प्रश्न सोडवूनही दुसऱ्याची तयारी होत नाही.

कोणता स्रोत कशासाठी?

सुरुवात अधिकृत आणि मोफत साहित्याने करावी. परीक्षा घेणारी ‘एनसीएसबीएन’ ही संस्था अभ्यास आराखडा आणि नमुना प्रश्न संकेतस्थळावर मोफत देते. आराखडा दर तीन वर्षांनी बदलतो.

‘सॉन्डर्स’चे जाडजूड पुस्तक विषय कच्चा असेल त्यांच्यासाठी. त्यात धड्यासोबत प्रश्न असतात आणि इंटरनेट लागत नाही. नेटवर्क येत-जात असते तिथे ही सोय मोठी आहे. मात्र २०२३ पूर्वीच्या जुन्या आवृत्तीत नव्या स्वरूपाची पुरेशी तयारी होत नाही.

‘यूवर्ल्ड’, ‘आर्चर’ यांसारख्या सशुल्क प्रश्नपेढ्या मुदतीवर मिळतात. यूवर्ल्डचे बळ स्पष्टीकरणांत आहे : बरोबर पर्याय का बरोबर आणि उरलेले का चूक, हे चित्रांसह समजते. आर्चर तुलनेने स्वस्त आहे आणि तयारी किती झाली हे सांगणाऱ्या चाचण्या देते. अभ्यास अर्धा झाल्याशिवाय मुदत सुरू करू नये, नाहीतर विषय समजून घेण्यातच ती संपते.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ फुकट असतात, पण त्यांत अनेकदा उत्तर असते आणि कारण नसते. उत्तर चुकीचे असेल तर ते कळायला मार्ग नाही. ‘परीक्षेत आलेले नेमके प्रश्न’ असा दावा करणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. एनक्लेक्सचे प्रश्न बाहेर सांगणे हा नियमभंग आहे.

सरकारी नोकरीसाठी हेच प्रश्न चालतील?

नाही. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत आरोग्य सेविकेसाठी १०० प्रश्न, २०० गुणांची संगणकावरील परीक्षा होती. त्यात तांत्रिक भागासोबत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनही होते. इथे लसीकरणाचे वेळापत्रक, माता-बाल आरोग्य, कुपोषणाचे निकष आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका हाच खरा सराव. महागडी अमेरिकी प्रश्नपेढी इथे फारशी कामाची नाही. ‘एम्स’च्या ‘नॉरसेट’मध्ये चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणून प्रश्न सोडून देण्याचाही सराव लागतो. एनक्लेक्समध्ये मात्र प्रश्न सोडून पुढे जाताच येत नाही. एका परीक्षेची सवय दुसरीत नडते ती अशी.

पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

एनक्लेक्सचे शुल्क २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेरील केंद्रासाठी आणखी १५० डॉलर, म्हणजे रुपयांत तीस हजारांच्या घरात. कर आणि कागदपत्रांच्या पडताळणीचा खर्च वेगळा. नापास झाल्यास किमान ४५ दिवस थांबून शुल्क पुन्हा भरावे लागते. त्यामुळे प्रश्नपेढी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : प्रश्न सध्याच्या आराखड्यानुसार आहेत का, प्रत्येक पर्यायाचे स्पष्टीकरण आहे का आणि मोफत नमुना पाहायला मिळतो का. ‘दहा हजार प्रश्न’ ही जाहिरात यातल्या एकाचेही उत्तर देत नाही. रोज पन्नास प्रश्न सोडवून चुकलेल्यांची कारणे वहीत लिहिणारी मुलगी, दोनशे प्रश्न नुसते टिचकावणाऱ्या मुलीपेक्षा जास्त शिकते. त्या वहीला मुदत नसते आणि नेटवर्कही लागत नाही.