भूजलाचा हिशोब कोण ठेवणार?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिच्याकडे लागले होते. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी! वृत्तपत्रांनी त्या पाण्याचे आकडे ठळक अक्षरांत छापले आणि ते योग्यच होते. तहानलेल्या शहराला प्रत्येक थेंबाचे मोल कळले होते.

आता दुसरे एक गणित पाहू. दोनशे लिटरचे पिंप चाळीस सेकंदांत भरणारी मोटार तासाला अठरा हजार लिटर पाणी उपसते. अशी एक मोटार अठ्ठावीस तास चालली की त्या अख्ख्या रेल्वेगाडीइतके पाणी जमिनीतून वर येते. दिवसाला सहा तास वीज मिळते असे धरले, तर हे काम पाच दिवसांचे आहे. राज्यात असे लाखो कृषिपंप आहेत. रेल्वेने आलेले पाणी आपण लिटरमध्ये मोजले. शेतातील उपसा मात्र कोणीच मोजत नाही. आपल्या पाणीप्रश्नाचे मूळ बव्हंशी या विसंगतीत दडलेले आहे.

अंदाजावर चाललेला कारभार

जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे. आपला वार्षिक उपसा सुमारे २४० अब्ज घनमीटर असून त्यातील जवळजवळ ८७ टक्के पाणी शेतीसाठी वापरले जाते. हे आकडे सरकारी असले, तरी ते कसे तयार होतात हे वाचकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. एखाद्या भागात विहिरी व बोअर किती आहेत हे पाहिले जाते, एक विहीर हंगामात सरासरी किती पाणी देते याचा अंदाज बांधला जातो आणि दोहोंचा गुणाकार केला जातो. काही ठिकाणी पिकाखालील क्षेत्र किंवा विजेचा वापर यांवरून हिशोब मांडतात. शास्त्रीयदृष्ट्या या पद्धती त्याज्य नाहीत. परंतु शेवटी तो अंदाजच असतो, मोजमाप नव्हे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. हे काम मोलाचे आहे. पण पातळी खाली गेल्याचे कळते तेव्हा पाणी संपलेले असते. खातेदाराला शिल्लक सांगितली जाते. पैसे कोणी, कधी व किती काढले याची नोंद मात्र पासबुकात नसते, अशी ही अवस्था आहे.

राज्याची सरासरीही फसवी आहे. वर्षभरात उपसता येण्याजोग्या भूजलापैकी सुमारे निम्मेच आपण वापरतो, असे ती सांगते. पण महाराष्ट्राचा चार पंचमांश भूभाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी सलग साठत नाही. भेगांत आणि झिजलेल्या थरांत लहान लहान कप्प्यांनी राहते. एका गावाचे पाणी दहा कोसांवरील दुसऱ्या गावाच्या उपयोगी पडत नाही. उपग्रहांच्या साह्याने विस्तीर्ण प्रदेशातील भूजलाची घट आज कळू शकते. परंतु एका शिवारातील अमुक कप्पा कधी रिता होईल, हे त्या गावातच मोजावे लागते.

मोजमाप का टळते?

याची पहिली बाजू कायद्याची आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याचेच तिच्याखालचे पाणी, अशी समजूत रूढ झाली. महाराष्ट्राने २००९ साली भूजल अधिनियम केला व तो २०१४ मध्ये अमलात आला. विहिरींची नोंदणी आणि शेतीसाठी साठ मीटरहून खोल विंधन विहिरींना मनाई, या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी. मात्र आजही उन्हाळा लागला की बोअर पाडणाऱ्या गाड्या गावोगाव फिरतात आणि शंभर-दोनशे मीटर खोल जातात, हे कोणाही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

दुसरी बाजू विजेची. कृषिपंपांची आकारणी बहुतांशी अश्वशक्तीवर होत आली. त्यामुळे मोटार दोन तास चालो की आठ तास, बिल तेच. २०२४ पासून राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज दिली आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याला हा दिलासा हवाच होता. सौरपंपांचेही तसेच. रात्री-अपरात्री, विंचूसापांच्या भयात पाणी द्यायला जाण्यातून त्यांनी शेतकऱ्याची सुटका केली. पण सूर्य बिल पाठवीत नाही. म्हणजे विजेच्या हिशोबातून पाण्याचा हिशोब लावण्याची जी एक अप्रत्यक्ष वाट होती, तीही आता बुजत चालली आहे.

तिसरी बाजू भीतीची, आणि ती सर्वांत खरी आहे. विहिरीवर मीटर बसले म्हणजे उद्या पाणीपट्टी आली, असे शेतकऱ्याला वाटते. अनुभव पाहता त्याला दोष देता येत नाही. शहरांचा व कारखान्यांचा वापर बिनबोभाट चालू राहावा आणि दोन एकरवाल्याच्या मोटारीवर मात्र पहारा बसावा, हा न्याय नव्हे. मोजणी म्हणजे वसुली हे समीकरण जोवर सुटत नाही, तोवर कोणतेही यंत्र शेतात टिकणार नाही.

गावाने मांडलेला हिशोब

यावर वाट नाही असे नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस किती झाला, किती मुरला, माणसांना व जनावरांना किती लागेल हे आधी ठरते. उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची याचा निर्णय ग्रामसभा घेते. शेतीसाठी बोअर नाही आणि उसासारखे पीक नाही, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले.

असा ताळेबंद काय सांगतो ते एका काल्पनिक गावाच्या उदाहरणाने पाहू. शिवार एक हजार हेक्टर आणि पाऊस पाचशे मिलिमीटर. गावावर पाचशे कोटी लिटर पाणी पडले. त्यातील दहावा हिस्सा मुरला असे मानले, तर पन्नास कोटी लिटर हाती आले. दीड हजार लोकांना माणशी पंचावन्न लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर पुरतात. पाटाने भिजवलेल्या उसाला मात्र हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे पंचवीस हेक्टर ऊस उभा राहिला की गावाचे सारे मुरलेले पाणी संपले. प्यायलाही उरले नाही! हा हिशोब चावडीच्या भिंतीवर लिहिला गेला, तर कोणत्याही भाषणापेक्षा तो अधिक बोलेल.

तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशात २००३ पासून सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. तेथे शेतकऱ्यांनीच पर्जन्यमापक वाचले, विहिरींची पातळी आणि पंपाचा विसर्ग मोजला व रब्बीपूर्वी एकत्र बसून पाण्याचा हिशोब केला. सक्ती नव्हती, दंड नव्हता. तरीही अनेकांनी भात सोडून कमी पाण्याची पिके निवडली. मात्र प्रकल्प संपल्यावर पुष्कळ ठिकाणी मोजणी थंडावली, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्यातील बोध स्पष्ट आहे. मोजणी हा प्रकल्प नसून नित्याचा व्यवहार झाला पाहिजे.

आपल्या राज्यात पाणलोट विकासाची चळवळ रुजवणाऱ्यांत येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांचे नाव आदराने घेतले जाते. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांतून माळरानांवर पाणी परतले. पण अनेक गावांत पाणी वाढले तशा विहिरी आणि बोअरही वाढले. अडवलेले पाणी आपण मोजले, उपसलेले मोजले नाही. त्यामुळे पुष्कळदा एका पिढीने साठवले आणि दुसरीने काही वर्षांतच संपवले.

आपल्या दाराशी

हा प्रश्न केवळ देशावरचा नाही. वसईच्या किनारपट्टीवरील वाड्यांखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. पूर्वी रहाटाने निघे तेवढेच पाणी निघे आणि बावखळे ते पुन्हा भरून काढीत. पंप आले, टँकरने पाणी बाहेर विकले जाऊ लागले आणि कित्येक विहिरी मचूळ झाल्या. येथे जादा उपशाची किंमत पातळीवरून नव्हे, जिभेवरून कळते. बावखळे बुजवून विहिरींना दोष देणे आपल्याला शोभत नाही.

पुढे काय?

सुरुवात लाखोंच्या यंत्रांनी करण्याची गरज नाही. एक पिंप, एक घड्याळ, विहिरीत सोडायची खुणा केलेली दोरी आणि मोटारीचे तास लिहायची वही एवढे पुरते. किंचित अधिक खर्च परवडला, तर पंपाच्या स्टार्टरला तास मोजणारे छोटे यंत्र जोडता येते. हिशोब आधी ग्रामसभेपुढे यावा, सरकारदरबारी नंतर जावा. जो शेतकरी पाणी वाचवतो त्याला लाभ मिळावा. पंजाबने २०१८ मध्ये वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला पैसे देण्याची योजना सुरू केली, ती या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. मोफत वीज आणि सौरपंप देतानाच मोजणीची अट घालावी, पण त्या नोंदीवरून पट्टी आकारली जाणार नाही असे लेखी अभयही द्यावे. आणि कारखाने व शहरे यांच्या विहिरींना हाच नियम आधी लागू व्हावा.

भूजल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कोणाचेच नाही असे वाटते. प्रत्यक्षात ते शेजाऱ्याचे आहे, आणि अद्याप न जन्मलेल्या लेकरांचेही आहे. घरातल्या कणगीत धान्य किती उरले हे आपल्या आजीला नेहमी ठाऊक असे. जमिनीखालच्या कणगीबाबत तेवढी जाण आपण दाखवली, तर पुन्हा कोणत्याही शहराला रेल्वेगाडीची वाट पाहावी लागणार नाही.