मसुराच्या मुळाशी : प्रेअरीची सहल

शालेय भूगोलाच्या पुस्तकात ‘प्रेअरी’ हा शब्द एका ओळीपुरता येतो : उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेश, गव्हाचे कोठार. परीक्षा झाली की तो विसरला जातो. दाणाबाजारातील कुटुंबे मात्र हाच प्रदेश वर्षभर दुसऱ्या नावाने उच्चारत असतात. ‘कॅनडा मसूर’ आणि ‘कॅनडा वाटाणा’ यांचे भाव सकाळच्या चहाबरोबर विचारले जातात. पण हा माल ज्या मातीतून येतो ती पाहावी, असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. परदेश-सहल म्हटली की स्वित्झर्लंड, सिंगापूर, दुबई; कॅनडा ठरलाच तर टोरंटो आणि नायगारा. मधला हजारो चौरस मैलांचा सपाट प्रदेश विमानातून झोपेत ओलांडला जातो.

व्यापारी कुटुंबासाठी याच सपाट प्रदेशात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त सहलीची आखणी नेहमीपेक्षा थोडी निराळी करावी लागते.

पहिला प्रश्न काळाचा. आल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांत हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे पर्यटनाचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. नेमका याच काळात आपला चातुर्मास आणि पर्युषण. चातुर्मासात प्रवास न करणाऱ्या घरांसाठी जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. मुलांच्या शाळाही बहुधा तेव्हा सुरू व्हावयाच्या असतात. या दिवसांत मसूर नुकताच उगवून ओळीत उभा असतो आणि बायसनची तांबूस रंगाची वासरे आयांमागे हिंडत असतात. कॅनोलाच्या पिवळ्याधमक शेतांचा आणि जवसाच्या निळ्या फुलांचा बहर मात्र जुलैत. ज्या वर्षी आषाढापूर्वी अधिक मास येतो, त्या वर्षी चातुर्मास लांबतो आणि जुलैचा हा बहर पदरात पडू शकतो. तेव्हा तिकिटाआधी पंचांग पाहावे.

चौविहार पाळणाऱ्यांना येथे एक गंमत अनुभवास येते. जूनमध्ये सस्काटून शहरात सूर्योदय पहाटे पावणेपाचच्या सुमारास आणि सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची येथे कोणाला घाई करावी लागत नाही. नवकारशीची वेळ मात्र साडेपाचलाच होऊन जाते. जिव्हेला एवढा मोठा दिवस मोकळा असावा काय, हा प्रश्न ज्येष्ठांनी घरच्या तरुणांना अवश्य विचारावा.

दुसरा प्रश्न मार्गाचा. अकरा-बारा दिवस हाताशी असतील तर कॅल्गरीला उतरून सस्काटूनहून परतावे. कॅल्गरीच्या ईशान्येस ड्रमहेलर येथे रॉयल टिरेल संग्रहालय आहे. डायनासोरचे सांगाडे मुलांना आवडतात, त्यासाठी एक दिवस पुरे. तेथून दक्षिणेस फोर्ट मॅक्लाउड, मग पूर्वेस मेडिसिन हॅट येथे मुक्काम, पुढे ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानाजवळचे व्हॅल मरी, तेथून रेजायना आणि शेवटी सस्काटून. फोर्ट मॅक्लाउड ते व्हॅल मरी हे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. ते एका दमात कापण्याचा हट्ट धरू नये. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आडवाटा खडीच्या आहेत आणि दोन पेट्रोल पंपांमधील अंतर फार असते. टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी.

फोर्ट मॅक्लाउडजवळ जे स्थळ आहे त्याविषयी घरात आधी बोलून घेणे इष्ट. त्याचे नाव ‘हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप’. १९८१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सुमारे सहा हजार वर्षे येथील आदिवासी बायसनचे कळप पळवत या कड्यापर्यंत आणीत आणि खाली पाडून मारीत. कड्याच्या पायथ्याशी हाडांचे थर काही मीटर खोल साचले आहेत. डोंगराच्या कुशीत बांधलेल्या केंद्रात ब्लॅकफूट समाजातील मार्गदर्शक स्वतः ही हकिकत सांगतात. जैन कुटुंबाने असे स्थळ पाहावे काय? काही घरे ते टाळतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. हिंसा ती हिंसाच. ती प्राचीन असल्याने अहिंसा ठरत नाही. लहान मुलांना तर तेथे न नेलेलेच बरे. परंतु मोठ्यांनी ते टाळल्यास पुढची हकिकत अर्धवट कळते. कारण सहा हजार वर्षे या पद्धतीने शिकार होऊनही बायसन संपले नव्हते. ते संपले एकोणिसाव्या शतकात, अवघ्या काही दशकांत, आणि त्यामागचे एक मोठे कारण व्यापार हे होते.

बायसनच्या कातड्यापासून कारखान्यांची यंत्रे फिरविणारे पट्टे बनत. मागणी वाढली, रेल्वे आली, बंदुका सुधारल्या, आणि कोट्यवधींच्या संख्येतील प्राणी १८८० च्या दशकाअखेर हजाराच्याही खाली आला. कातडी संपल्यावर हाडांचा सौदा सुरू झाला. माळावर पांढरी पडलेली हाडे गोळा करून ती वाघिणींतून रवाना होत. त्यांचे खत होई आणि त्यांच्या कोळशाने साखर पांढरी केली जाई. आज सस्कॅचेवानची राजधानी असलेल्या रेजायनाचे मूळ नाव ‘हाडांचा ढीग’ या अर्थाचे होते. १८८२ साली ते बदलून राणी व्हिक्टोरियाच्या सन्मानार्थ रेजायना झाले. श्रावकाचारात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते; हस्तिदंताबरोबरच हाड, कातडे अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार त्यात मोडतो. तो निषेध एरवी पाठांतरात उरतो. एका अख्ख्या भूभागाचा जमाखर्च त्याने कसा बदलतो, हे रेजायनाच्या रस्त्यावर उभे राहिल्यावर समजते.

या हिशेबाची दुसरी बाजू माणसांची आहे. १८७४ ते १८७७ या काळात चौथा, सहावा आणि सातवा असे करार होऊन हा प्रदेश आदिवासींकडून ब्रिटिश राजसत्तेकडे गेला. बायसन नाहीसे झाल्यावर उपासमार आली, तेव्हा राखीव जागेत जाण्यास नकार देणाऱ्यांचा शिधा अडवून धरण्यात आला. अमेरिकन सैन्याशी झालेल्या १८७६ च्या लिटल बिगहॉर्न लढाईनंतर सिटिंग बुल हा लकोटा नेता आपल्या लोकांसह वुड माउंटन परिसरात आश्रयाला आला. तेथेही अन्नच न उरल्याने १८८१ साली त्याला परत जाऊन शरण यावे लागले. ग्रासलँड्स उद्यानाचा पूर्वेकडील भाग याच परिसरात आहे.

या उद्यानासाठी दोन रात्री तरी ठेवाव्यात. प्रेअरीचा बहुतांश भाग नांगरला गेला; मूळ गवत जेथे टिकले अशा थोड्या जागांपैकी ही एक. पहिल्या तासाभरात येथे ‘काहीच नाही’ असे वाटते. मग डोळा सरावतो. गवतात दगडांची वर्तुळे दिसू लागतात. आदिवासींच्या तंबूंच्या कडा दाबून धरणारे ते दगड अजून जागच्या जागी आहेत. काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग हे खारीच्या कुळातील प्राणी बिळांच्या तोंडाशी उभे राहून एकमेकांना इशारे देतात. कॅनडात ते रानात फक्त येथेच आढळतात. आणि दूरवर बायसन. १९०७ साली कॅनडा सरकारने मोंटाना राज्यातील मिशेल पाब्लो या पशुपालकाचा सुमारे सातशेंचा कळप विकत घ्यावयास सुरुवात केली. एका खासगी माणसाने सांभाळला म्हणूनच तो कळप उरला होता. त्या प्राण्यांच्या वंशातील ७१ बायसन २००५ च्या डिसेंबरात या उद्यानात आणले गेले. ज्यांच्या घरी पांजरापोळाची वर्गणी पिढ्यान्‌पिढ्या जाते, त्यांना यातील महत्त्व वेगळे सांगावयास नको. अर्थात तेथील जतनामागे जीवदयेची दृष्टी आहे, असा गैरसमज करून घेऊ नये. त्याच प्रांतात बायसनचे मांसही विकले जाते.

डासांविषयी एक सूचना. जूनमध्ये ते विपुल असतात. मारण्याची फवारणी नेण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे, पायमोजे आणि डोक्यावरून घेण्याची जाळी न्यावी. गवतातून चालून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे पाहून घ्यावे.

सस्काटूनला पोहोचल्यावर दाणाबाजाराचा माणूस ओळखीच्या प्रदेशात येतो. १९७२ साली आल्फ्रेड स्लिंकार्ड हे शास्त्रज्ञ येथील विद्यापीठात आले, तेव्हा या भागात मसुराचे पीक जवळजवळ नव्हतेच. गव्हानंतर ओल साठविण्यासाठी शेत वर्षभर पडीक ठेवण्याची रीत होती. १९७८ साली स्लिंकार्ड यांचे ‘लेअर्ड’ हे मसुराचे वाण प्रसृत झाले. हळूहळू त्या पडीक वर्षाची जागा डाळींनी घेतली. जमिनीत नत्र वाढला आणि शेतकऱ्याच्या हातात दुसरे पीक आले. आज मसुराच्या निर्यातीत कॅनडा जगात अग्रभागी आहे आणि त्यातला बहुतेक मसूर सस्कॅचेवानचा. २०१७ च्या नोव्हेंबरात भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरात मसूर व हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावले, त्याचा धक्का या शांत गावांना बसला. दिल्लीत निघालेल्या अधिसूचनेची चर्चा जेथे होते, असे हे परके खेडे आहे.

सस्काटूनहून दीडशे किलोमीटरच्या आत नॉर्थ बॅटलफर्ड येथील वेस्टर्न डेव्हलपमेंट संग्रहालयात जुने लाकडी धान्य-एलिव्हेटर उभे आहे. रुळांच्या कडेला बांधलेले हे उंच कोठार. धान्य वर चढवून, प्रतवारी करून ते वाघिणीत सोडले जाई. एके काळी प्रेअरीत अशी साडेपाच हजारांहून अधिक कोठारे होती. वजन, प्रत आणि कडता यांवरून शेतकरी आणि कोठारवाले यांच्यात जे तंटे होत, ते ऐकले की आपल्याच बाजार समितीची आठवण व्हावी. १९०२ साली सिंटालुटा गावी शेतकऱ्यांनी वाघिणींच्या वाटपावरून रेल्वेच्या एजंटाविरुद्ध खटला जिंकला; १९२४ साली सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यांनी स्वतःची ‘व्हीट पूल’ ही सहकारी संस्था उभारली. कडत्याने शेतकरी दुखावला की तो अखेरीस स्वतःचे दुकान थाटतो, ही गोष्ट अडत्यांच्या घरातील तरुणांनी तेथे उभे राहून ऐकण्यासारखी आहे. आणखी तीन दिवस असतील त्यांनी मॅनिटोबातील इंग्लिस गावी जाऊन एका ओळीत उभी असलेली पाच जुनी एलिव्हेटर पाहावीत.

आहाराबाबत गाफील राहू नये. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. तेथील सस्काटून बेरीचा पाय नावाजलेला आहे, पण त्याच्या आवरणात पुष्कळदा लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते; विचारल्याशिवाय तोंडात घालू नये. युक्रेनी वस्तीचे ‘पेरोगी’ शाकाहारी म्हणून मिळतात, पण आत बटाटा आणि वर कांदा. चीजमधील रेनेटची चौकशी करावी. मसूर मात्र दुकानात सहज मिळतो. जिरे-हिंग घरून न्यावे आणि नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावरील तपासणीत जाहीर करावा.

खर्चाविषयी थोडे. व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे कोणतेही आरक्षण करू नये. मोटार एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडल्यास वेगळा आकार पडतो, तो आधी विचारावा; अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकते. ज्येष्ठांचा प्रवास-विमा घेताना जुने आजार लपवू नयेत, दावा तेथेच फेटाळला जातो. दुकानातील किंमत करविरहित असते : जीएसटी तेथेही आहे, ५ टक्के, सस्कॅचेवानात त्यावर ६ टक्के प्रांतिक कर, आल्बर्टात तो नाही.

शेवटचा दिवस वानुस्केविनसाठी राखून ठेवावा. सस्काटूनच्या वेशीवरील या वारसास्थळी सहा हजार वर्षांपूर्वीपासूनच्या वस्तीच्या खुणा आहेत. क्री भाषेतील या नावात मनःशांतीचा अर्थ आहे. २०१९ च्या डिसेंबरात येथे बायसन परत आणले गेले. पुढच्याच वर्षी, ते जेथे धुळीत लोळत होते तेथील माती खरवडली जाऊन खाली कोरीव रेषा असलेला दगड उघडा पडला. शोध घेता असे चार दगड मिळाले, आणि कोरण्याचे दगडी हत्यारही. इतकी वर्षे पुरातत्त्वज्ञ त्याच माळावर काम करीत होते.

परतताना आठवण म्हणून मूठभर मसूर खिशात टाकण्याचा मोह होईल. तो आवरावा. वनस्पती-संगरोधाच्या नियमांमुळे जहाजेच्या जहाजे भरून येणारा हा माल प्रमाणपत्राविना मूठभरही आणता येत नाही.